प्रोजेक्टर, रिसीव्हर आणि कपाटभर जुन्या डिस्क: फोर-के प्लेअर कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा. वेगळ्या खोलीत १२० इंची पडदा, फोर-के प्रोजेक्टर, ५.१.२ मांडणीचा (पाच स्पीकर, एक सबवूफर, दोन वरचे स्पीकर) एव्ही रिसीव्हर. शे-दोनशे डीव्हीडी, काही ब्लू-रे, थोड्या एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, वरच्या दर्जाच्या आवाजाच्या डिस्क) आणि मराठी नाटकांच्या व्हीसीडी जमलेल्या आहेत. आता फोर-के ब्लू-रे सुरू करायच्या आहेत. नजरेत आहेत पॅनासॉनिकचा डीपी-यूबी८२०, सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२, त्याच्याच खालचा एक्स७००, आणि मुलांचा प्लेस्टेशन ५ घरात आहेच. दुकानदार मात्र पॅनासॉनिकचाच महागडा यूबी९००० घ्या म्हणतो.

माझं उत्तर: पडदा प्रोजेक्टरचा असेल तर यूबी८२०. एसएसीडी मनापासून ऐकत असाल तर त्यासाठी वेगळी सोय करावी, पण त्या चार डिस्कसाठी चित्राशी तडजोड करू नये. याच यादीतला प्लेअर ओएलईडी टीव्हीसाठी घ्यायचा असता तर उत्तर बदलू शकलं असतं. म्हणून प्लेअरची तुलना करण्याआधी तो कशाला जोडणार हे पाहायचं.

सगळ्यात आधी, फरक कुठे नाही ते बघू. रिसीव्हरला एचडीएमआयने बिटस्ट्रीम (न उलगडलेला आवाज) दिला की डॉल्बी ट्रूएचडी, अ‍ॅटमॉस, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, डीटीएस:एक्स हे सगळं डिस्कवर जसं आहे तसंच बाहेर पडतं. ते उलगडायचं काम रिसीव्हर करतो. त्यामुळे स्वस्त आणि महाग प्लेअरच्या आवाजात फरक उरत नाही. यूबी९००० ची जास्तीची किंमत मुख्यतः जड चेसिस, वेगळा पॉवर सप्लाय आणि अ‍ॅनालॉग भागाची आहे. त्यात बॅलन्स्ड एक्सएलआर स्टीरिओ आउटपुटही येतं. अ‍ॅनालॉग प्रीअ‍ॅम्प्लिफायर असेल त्याला ते उपयोगाचं. एचडीएमआयने रिसीव्हरला जोडणाऱ्या माणसाने त्यासाठी जवळपास दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. चित्राची प्रक्रिया करणारा भाग दोन्हीत जवळजवळ सारखाच आहे. तो पैसा सबवूफरला किंवा खोलीच्या ध्वनिशोषक पॅनेलला लावा, फरक पहिल्याच संध्याकाळी कळेल.

फरक पडतो तो एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराचा वाढीव पल्ला), आणि प्रोजेक्टरवाल्याला तो सगळ्यात जास्त जाणवतो. थोडा हिशोब करू. पडद्यावरचा उजेड निट्समध्ये (उजेडाचं एकक) काढायचा तर प्रोजेक्टरचे ल्युमेन भागिले (३.१४ गुणिले पडद्याचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये), आणि आलेल्या आकड्याला पडद्याच्या गेनने (पडदा किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा) गुणायचं. १२० इंची १६:९ पडदा २.६६ मीटर रुंद आणि १.४९ मीटर उंच, म्हणजे साधारण ४ चौरस मीटर. सिनेमा मोडमध्ये प्रोजेक्टर प्रत्यक्ष १५०० ल्युमेन देत असेल आणि गेन १ असेल, तर हातात येतात १२० निट्स. तोच प्रोजेक्टर १०० इंची पडद्यावर १७० च्या आसपास जातो. खोक्यावर छापलेले ल्युमेन इथे धरू नका; ते सगळ्यात हिरवट, सगळ्यात भडक मोडचे असतात.

आता डिस्ककडे बघा. फोर-के डिस्क बहुतेक १००० किंवा ४००० निट्सच्या मॉनिटरवर रंगवलेल्या असतात. एचडीआर१० या एचडीआरच्या मूळ पद्धतीत हा उजेड निरपेक्ष आकड्यांत लिहिलेला असतो. अमुक ठिपका ६०० निट्सचा म्हणजे ६०० चाच. १२० निट्सचा पडदा तो दाखवू शकत नाही. मग कुणीतरी वरचा उजेड दाबून खालच्या जागेत बसवायला लागतो. यालाच टोन मॅपिंग म्हणतात. हे काम कच्चं झालं की दोनपैकी एक तक्रार येते. एक तर ढग, दिवे, बर्फ सपाट पांढरे होतात, किंवा तो तपशील वाचवण्याच्या नादात अख्खा सिनेमा अंधारतो. ‘फोर-के डिस्क साध्या ब्लू-रेपेक्षा काळोखी दिसते’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. डिस्क किंवा दिवा खराब असण्याची शक्यता कमी.

पॅनासॉनिकच्या प्लेअरमध्ये एचडीआर ऑप्टिमायझर आहे. तो प्लेअरच्या आतच हे टोन मॅपिंग करून प्रोजेक्टरला पेलेल असा सिग्नल पाठवतो. सोनीच्या या दोन्ही प्लेअरमध्ये असं पडद्यानुसार जमवता येणारं साधन नाही. यूबी८२० सुचवण्याचं मुख्य कारण हेच.

नीट बसवायचा क्रम असा. प्लेअरच्या सेटिंगमध्ये एचडीआर टीव्ही टाइप हा पर्याय शोधा. त्यात ओएलईडी, वेगवेगळ्या उजेडाचे एलसीडी आणि प्रोजेक्टर असे प्रकार दिलेले असतात. वर काढलेला आकडा १०० ते १५० मध्ये असेल तर कमी उजेडाचा, म्हणजे बेसिक ल्युमिनन्स प्रोजेक्टर निवडा. मग रिमोटवरचं एचडीआर सेटिंगचं बटण दाबून ऑप्टिमायझर चालू करा. त्यानंतर प्रोजेक्टरच्या मेन्यूत जाऊन त्याचं स्वतःचं डायनॅमिक टोन मॅपिंग बंद करा किंवा ठरावीक वक्रावर ठेवा. ही पायरी बरेच जण विसरतात. मग प्लेअरने एकदा दाबलेलं चित्र प्रोजेक्टर पुन्हा दाबतो आणि सगळं मळकट, जीव नसलेलं दिसतं. शेवटी प्लेअरच्या एचडीआर सेटिंगमधली डायनॅमिक रेंजची पट्टी थोडी वर न्या. रात्रीच्या प्रसंगात चेहरा वाचता आला पाहिजे आणि दिव्याच्या काचेत तारही दिसली पाहिजे. त्या जागी थांबायचं. प्रत्येक डिस्कला पुन्हा हात लावावा लागत नाही.

एक अपवाद आहे. जेव्हीसीच्या अलीकडच्या प्रोजेक्टरमध्ये फ्रेम अ‍ॅडॅप्ट एचडीआर असतं. ते फ्रेमनुसार टोन मॅपिंग करतं आणि उत्तम करतं. तसा प्रोजेक्टर असेल तर ऑप्टिमायझर बंद ठेवून काम त्याच्यावर सोपवा. मग यूबी८२० चा मोठा फायदा कमी होतो आणि सोनी पुन्हा शर्यतीत येतो.

डॉल्बी व्हिजनच्या (दृश्यागणिक उजेड जुळवणारी एचडीआर पद्धत) नावावर प्लेअर निवडणारे पुष्कळ आहेत. घरगुती प्रोजेक्टरपैकी फार थोडे डॉल्बी व्हिजन घेतात. तुमचा घेत नसेल तर तो शिक्का निवडीतून काढून टाका. अशा डिस्कवर एचडीआर१० चा मूळ थर असतोच, तो नीट चालतो. टीव्हीवाल्यांसाठी एवढंच: एलजी आणि सोनीच्या ओएलईडीला डॉल्बी व्हिजन असतं, त्यांना ते करणारा प्लेअर घ्यावा. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, त्याच धर्तीचं एचडीआर१०+ असतं. त्यांच्यासाठी पॅनासॉनिक बरा, कारण सोनीचे हे प्लेअर एचडीआर१०+ करत नाहीत. यूबी८२० दोन्ही करतो. पण पॅनासॉनिकचा यूबी४२० घेताना सावध राहा. नाव भावंडासारखं असलं तरी त्यात डॉल्बी व्हिजन नाही.

सोनीच्या प्लेअरमध्ये डॉल्बी व्हिजन हाताने चालू-बंद करावं लागतं. ते कायम चालू ठेवलं तर साध्या एचडीआर१० डिस्कचा सिग्नलही डॉल्बी व्हिजनचं लेबल लावून जातो आणि रंग-उजेड बिघडतो. दर डिस्कला खोक्यामागचा शिक्का पाहून सेटिंग बदलायची तयारी असेल तर हरकत नाही. घरातल्या इतरांकडून ते होणार नाही हे गृहीत धरा.

मग सोनी कुणी घ्यावा? ज्याच्याकडे एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ आहेत त्याने एक्स८००एम२ चा विचार करावा. तो हे दोन्ही वाजवतो. यूबी८२० आणि यूबी९००० दोन्ही एसएसीडी वाजवत नाहीत. हायब्रिड (एसएसीडी आणि सीडी असे दोन्ही थर असलेली) डिस्क असेल तर तिचा फक्त सीडीचा थर ऐकू येतो, आणि अनेकांना वर्षभर हे कळतही नाही. सोनीवर एसएसीडी लावताना रिसीव्हर डीएसडी (एसएसीडीवरचा मूळ सिग्नल) घेतो का ते त्याच्या पुस्तिकेत बघा. घेत नसेल तर प्लेअरचा डीएसडी आउटपुट बंद करा, म्हणजे तो पीसीएममध्ये (साधा डिजिटल आवाज) बदलून पाठवेल. कोअ‍ॅक्शियल किंवा ऑप्टिकल वायरीने एसएसीडीचा थर बाहेर येत नाही, त्यामुळे ‘आवाजच नाही’ म्हणून प्लेअर दुरुस्तीला नेण्याआधी वायर कुठली लावली आहे ते तपासा. एक्स७००सुद्धा एसएसीडी वाजवतो, म्हणून यूबी८२० च्या शेजारी केवळ संगीतासाठी तो ठेवणं ही व्यवहार्य जोडी आहे.

प्लेस्टेशन ५ चं उत्तर छोटं आहे. डिस्क ड्राइव्ह असलेला असेल तर फोर-के डिस्क चांगल्या दिसतात. पण डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन नाही, एसएसीडी नाही, साधी ऑडिओ सीडीसुद्धा नाही, थ्रीडी ब्लू-रेही नाही. तुमच्या प्रोजेक्टरला थ्रीडी असेल तर हे शेवटचं लक्षात घ्या. यूबी८२० आणि सोनीचे दोन्ही प्लेअर थ्रीडी चालवतात. खोली शांत असेल तर प्लेस्टेशनच्या पंख्याचा आवाजही कानाला येतो. वर्षाला चार-पाच डिस्क बघणाऱ्याने मात्र नवीन प्लेअर घेऊच नये, हाच पुरेसा आहे.

आता एक मुद्दा जो आपल्याकडे हमखास गोत्यात आणतो: प्लेअर कुठल्या देशातून येतोय. फोर-के डिस्कला रीजनचं बंधन नाही, त्या कुठल्याही प्लेअरवर चालतात. साध्या ब्लू-रेला आहे. भारत रीजन सी मध्ये, अमेरिका ए मध्ये, युरोप आणि आखाती देश बी मध्ये. डीव्हीडीत भारत ५, अमेरिका १, युरोप आणि आखात २. म्हणजे न्यू जर्सीच्या भावाने किंवा दुबईच्या मेहुण्याने आणलेला प्लेअर फोर-के डिस्क बिनतक्रार चालवेल, पण तुमच्या कपाटातल्या सी-रीजनच्या ब्लू-रे आणि ५ लिहिलेल्या डीव्हीडी नाकारेल. डीव्हीडीच्या मागे पृथ्वीच्या गोलात आकडा असतो. शून्य किंवा ‘ऑल’ असेल तर काळजी नाही. आणायला सांगण्याआधी पंधरा-वीस डिस्क उलट्या करून बघा, उत्तर तिथेच मिळेल.

अमेरिकी प्लेअरला आणखी दोन अडचणी असतात. तिथले बरेच प्लेअर पॅल पद्धतीची (आपल्याकडच्या आणि युरोपच्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडी चालवत नाहीत. आपल्याकडच्या काही डीव्हीडी पॅल आहेत, काही एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या. दुसरी अडचण विजेची. मागच्या पाटीवर १२० व्होल्ट लिहिलं असेल आणि तो सरळ आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात गेला, तर पॉवर सप्लाय जागीच जातो. प्लेअरला वीज फार लागत नाही, साधारण २०-३० वॅट. १०० व्हीए चा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरतो. तांब्याच्या गुंडाळीचा, वजनदार घ्यावा. प्रवासात केस वाळवायच्या यंत्रासाठी विकतात तो हलका कन्व्हर्टर चालणार नाही. ब्रिटनचा किंवा युरोपचा प्लेअर आणला तर व्होल्टेज आणि पॅल हे दोन्ही प्रश्न सुटतात, रीजनचा तेवढा उरतो. आयात शुल्क लागतं आणि वॉरंटी इथे चालत नाही हेही किमतीत धरून तुलना करा.

जोडणीबद्दल. प्रोजेक्टर असल्याने प्लेअर सरळ रिसीव्हरला आणि रिसीव्हर प्रोजेक्टरला. रिसीव्हर जुना असून फोर-के एचडीआर किंवा एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) पुढे पाठवत नसेल तरी तो बदलायची घाई नको. यूबी८२०, एक्स७०० आणि एक्स८००एम२ या तिन्हींना दोन एचडीएमआय आउटपुट आहेत. मुख्य आउटपुट प्रोजेक्टरला, दुसरं फक्त आवाजासाठी रिसीव्हरला. टीव्हीवाल्यांनीही प्लेअर आधी रिसीव्हरलाच लावावा. टीव्हीला लावून आवाज एआरसीने (एचडीएमआय वायरीतूनच टीव्हीचा आवाज उलट पाठवण्याची सोय) मागे आणला तर ट्रूएचडी येत नाही, त्याला सुधारित ईएआरसी लागतं; आणि बऱ्याच टीव्हींमधून डीटीएस पुढे जातच नाही.

प्रोजेक्टरपर्यंतची वायर १०-१५ मीटरची असेल तर साधी तांब्याची एचडीएमआय वायर वापरू नका. ५ मीटरच्या पुढे ती बेभरवशाची होते. फायबरची अ‍ॅक्टिव्ह ऑप्टिकल वायर घ्या. तिला दिशा असते: एका टोकाला सोर्स, दुसऱ्याला डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येत नाही आणि सगळी पुन्हा काढावी लागते. भिंतीत २५ मिलिमीटरचा पाइप टाकला असेल तर वळणावर कनेक्टरचं डोकं अडकतं. काम चालू असेल तर ४० मिलिमीटरचा टाकून घ्या, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळण द्या आणि आत ओढायची दोरी सोडून ठेवा.

वायर कमी पडतेय हे ओळखायची खूण आहे. सिनेमा नीट चालतो, पण प्लेअरची मुख्य स्क्रीन आली की पडदा काळा होतो किंवा ठिणग्या उडाल्यासारखे ठिपके येतात. कारण सरळ आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि १०-बिट पूर्ण रंगातही त्याला ११ गिगाबिटच्या आसपास लागतं. मुख्य स्क्रीन ६० फ्रेमने जाते, तिला १८ पर्यंत लागू शकतं. प्लेअरमध्ये ६० फ्रेमचं आउटपुट ४:२:० वर (रंगाची माहिती कमी करून) ठेवून बघा. काळं होणं थांबलं तर दोष वायरीचा, प्लेअरचा नाही.

सेटिंगपैकी दोन अशी आहेत की ती चुकली तर पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. पहिलं, सेकंडरी ऑडिओ. सोनीत याला बीडी ऑडिओ मिक्स म्हणतात. ते बंद हवं. चालू असेल तर प्लेअर मेन्यूचे क्लिक आणि कॉमेंटरी मिसळायला आवाज स्वतःच उलगडतो, आणि रिसीव्हरवर अ‍ॅटमॉसचं नाव येत नाही. दुसरं, प्रोजेक्टरच्या किंवा टीव्हीच्या बाजूला एचडीएमआयचा विस्तारित मोड. सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीत अल्ट्रा एचडी डीप कलर, सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट. तो त्या विशिष्ट पोर्टवर चालू नसेल तर एचडीआर सुरूच होत नाही. २४पी (सेकंदाला २४ फ्रेमचं) आउटपुट चालू ठेवा. बीडी-लाइव्ह (डिस्कची इंटरनेटची सोय) बंद करा, डिस्क थोडी लवकर सुरू होते. सिनेमास्कोप (जास्त रुंद) पडदा असेल तर यूबी८२० वर सबटायटल वर सरकवता आणि मंद करता येतात. अंधाऱ्या खोलीत पांढरीशुभ्र अक्षरं डोळ्यांना फार खुपतात.

डिस्क मध्येच अडकण्याबद्दल. फोर-के डिस्क बहुधा ६६ जीबीची दोन थरांची किंवा १०० जीबीची तीन थरांची असते. माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो, डीव्हीडीत तो ०.६ वर असतो. पृष्ठभाग इतका जवळ असल्याने बोटाचा ठसा लेझरच्या वाटेत ठळक उभा राहतो. त्यातून तीन थरांच्या डिस्कवर थर बदलताना, साधारण सिनेमाच्या एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश भागाशी, चित्र थबकतं. नवीकोरी डिस्कसुद्धा अडकते, कारण कारखान्यातल्या अवशेषाचा पातळ थर कधी कधी राहून गेलेला असतो. उपाय: कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बोटांनी हलक्या हाताने मधून बाहेर सरळ रेषेत धुणं, स्वच्छ पाण्याने खळबळून मायक्रोफायबरने टिपणं. गोल गोल पुसू नका. गोलाकार ओरखडा ट्रॅकच्याच दिशेने जातो आणि तो प्लेअरला दुरुस्त करता येत नाही. तरीही त्याच जागी अडकली तर डिस्क बदलून घ्या. वेगवेगळ्या डिस्क वेगवेगळ्या जागी अडकत असतील तर प्लेअर संशयित. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी प्लेअर तासभर चालवा. ब्रश लावलेली लेन्स साफ करायची डिस्क वापरू नका.

व्हीसीडीचा प्रश्न मात्र प्लेअरने सुटणारा नाही. फोर-के प्लेअर व्हीसीडी चालवेलच असं धरू नका. पुस्तिकेतल्या यादीत नाव असेल तरच. चाललीच तरी ३५२ गुणिले २८८ चं चित्र १२० इंचावर बघवत नाही. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये डिस्क घाला, एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर उघडा, त्यातली डॅट एक्स्टेन्शनची फाइल हार्डडिस्कवर कॉपी करा. व्हीएलसीमध्ये ती तशीच चालते. हे काम यंदाच करा. बाजारातल्या अनेक स्वस्त व्हीसीडींचा चंदेरी थर कडेने उडायला लागलेला असतो, आणि त्यातल्या कित्येक नाटकांचं चित्रण पुन्हा कुठे निघालेलं नाही.

जुना प्लेअर मिळत असेल तर ओप्पोचे यूडीपी-२०३ आणि २०५ आजही मोहात पाडतात. एसएसीडी, डॉल्बी व्हिजन, दणकट बांधणी, सगळं आहे. पण कंपनीने २०१८ मध्ये हा व्यवसाय थांबवला. लेझरचा भाग गेला तर सुट्या भागासाठी वणवण होते. पायोनिअर, सॅमसंग, एलजी हेही या बाजारातून बाहेर पडले आहेत. मागितलेली किंमत नव्या यूबी८२० च्या वर असेल तर घेऊ नका. घेणारच असाल तर १०० जीबीची एक डिस्क सोबत न्या, सुरुवात बघून समाधान मानू नका. थर बदलण्याचे भाग आणि शेवटची वीस मिनिटं चालवा. डीव्हीडी, सीडी आणि एसएसीडीही एकेक लावून बघा. सीडीला ७८०, डीव्हीडीला ६५० आणि ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा असे तीन वेगळे लेझर असतात. एक मेलेला असला तरी बाकीचे दोन व्यवस्थित चालू शकतात. नव्या प्लेअरचीही हीच परीक्षा दुकानाची बदलून द्यायची मुदत संपायच्या आत घ्या.